मंगळवारची वीस मिनिटं

कॉम्प्युटर अपडेट केला की तो शहाणा होतो, असं ज्यानं कुणी पसरवलं असेल त्याला धरून आणून या घरातल्या पुढच्या खोलीत बसवायला हवं होतं. तेही आज, मंगळवारी, सकाळी पावणेअकराला. टेबलावर लॅपटॉप उघडा, त्याच्यासमोर कवळीवाली बाई ताठ बसलेली, आणि तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या खुणेवर. खूण पूर्ण भरलेली दिसत होती. पण ती तर शनिवारीही भरलेलीच होती.

कवळीवाली म्हणजे काही ती दारोदार कवळ्या विकत नव्हती हं. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि त्यावरून ही लॅबमध्ये बसून कवळ्या घडवायची. सतरा वर्षं हेच काम. कुठला दात केसभर वर आलाय हे तिला नुसतं बोट फिरवून कळायचं, आणि तेवढाच घासायला ती अर्धा तास घ्यायची. बरोबरच्या बायका कुरकुरायच्या, पण ही घाई करायची नाही. आज मात्र तिनं दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले होते. अकरा वाजता मुंगी भेटायला येणार होती.

मुंगी चार वर्षांची. खरं नाव कागदावर होतं, पण संस्थेत तिला सगळे मुंगीच म्हणायचे, कारण ही पोर स्वतःपेक्षा मोठं काहीतरी सतत ओढून नेत असायची. कधी खुर्ची, कधी बादली, एकदा तर चक्क झोपलेल्या मुलासकट गादी. कवळीवाली आणि तिचा नवरा मुंगीला दत्तक घेणार होते. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांनी सहा वर्षं अर्ज, तपासण्या आणि मुलाखती यांत काढली होती. संस्थेची माणसं येऊन घर बघून गेली, कपाटं उघडून गेली, शेजाऱ्यांना नाही नाही ते विचारून गेली. आता एकच पायरी उरली होती, ओळखीची. संस्था दोन दिवसांच्या प्रवासावर, म्हणून भेट लॅपटॉपवर. दर मंगळवारी आणि शनिवारी, अकरा ते अकरा वीस. पोरीनं यांचे चेहरे बघायचे, हीच खोली, हाच निळा पडदा बघायचा, म्हणजे आल्यावर बिचकणार नाही.

पहिल्या भेटीत मुंगीनं फक्त जमिनीकडे बघितलं. दुसऱ्या भेटीत आपला एक बूट काढून कॅमेऱ्यासमोर ठेवला, आणि ही दोघं वीस मिनिटं बुटाशी गप्पा मारत बसली. चौथ्या भेटीत कवळीवालीनं लॅबमधली एक कवळी आणून ती टकटक बोलती केली, तेव्हा पोर हसली. अशी हसली की नवरा उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

आणि मग आलं ते अपडेट.

दोष तरी कुणाला द्यायचा? संस्थेचं भेटीचं अ‍ॅप एका रविवारी म्हणालं, तुमची सिस्टिम जुनी झाली, नवी टाका, नाहीतर मी चालणार नाही. हिनं मुकाट्यानं होय म्हटलं. चार तास लॅपटॉप आपला गोल गोल फिरत बसला. उठला तो नटूनथटून उठला, सगळी चिन्हं गुळगुळीत, मागे कुठल्याशा डोंगराचं चित्र. नवरा म्हणाला, "ऐट बघ याची." मंगळवारी भेट सुरू झाली आणि सहाव्या मिनिटाला मुंगीचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानं गोठला. पुन्हा जोडलं, चार मिनिटं चाललं, पुन्हा गेलं. शनिवारी तर आठ वेळा गेलं. दर वेळी परत आल्यावर मुंगी खुर्चीत आणखी थोडी मागे सरकून बसलेली दिसली.

शनिवारी दुपारी संस्थेतल्या ताईंचा फोन आला. ताई भली बाई, पण आवाज उतरलेला. "कसं सांगू तुम्हाला," त्या म्हणाल्या. "सलग तीन भेटी अपुऱ्या राहिल्या की फाइल समितीकडे जाते. नियमच आहे तो. आणि तुमच्यामागे एक जोडपं थांबलंय, त्यांच्याकडे सगळं व्यवस्थित आहे."

"आमच्याकडेही सगळं व्यवस्थितच होतं हो, त्या रविवारपर्यंत."

"मला माहितीये. पण समितीतल्या मोठ्या बाई फॉर्म बघतात, तुम्हाला थोडंच बघतात? मंगळवारची भेट नीट पार पाडा, एवढंच सांगते."

एवढंच.

फोनवरून भेट घ्यावी, तर अ‍ॅप नोंदवलेल्या एकाच यंत्रावर उघडायचं, आणि यंत्र बदलायचं तर अर्ज करून आठवडाभर थांबायचं. फोनचं नेट लॅपटॉपला द्यावं, तर या तळमजल्यावर फोनला रेंज यायची ती खिडकीच्या गजाला चिकटून उभं राहिलं तर. दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊन बसावं, तर खोली बदललेली चालत नव्हती. वायर लावावी, तर लॅपटॉप इतका बारीक की वायरीला भोकच ठेवलेलं नाही. सगळीकडून दारं बंद, आणि राहता राहिलं ते हे वायफाय.

मग तिनं त्या वायफायचा पिच्छाच पुरवला. राउटर बंद करून चालू केला. स्वयंपाकघरातून उचलून पुढच्या खोलीत आणला, आधी कपाटावर ठेवला, मग टेबलावर अगदी लॅपटॉपच्या कुशीत. हेल्पलाइनवरची मुलगी साखरेसारख्या आवाजात म्हणाली, "मॅडम, नेटवर्क विसरा आणि नव्यानं जोडा." हिनं विसरलं, जोडलं, पासवर्ड पुन्हा टाकला. नेट आलं, चाललं, गेलं. परत फोन केला तर दुसरीच मुलगी, तिनंही तेच सांगितलं. नेटवर्क विसरण्यात आता हिचा हात इतका बसला होता की झोपेतही विसरली असती.

सोमवारी कॉम्प्युटरवाला आला. त्यानं तासभर लॅपटॉप खालीवर केला, तीन व्हिडिओ एकदम लावले, एकही अडकला नाही. "ताई, यात काही बिघाड नाही," तो म्हणाला. "उगीच मनात आणू नका." तो गेला, मग सासरे डोळ्यांच्या डॉक्टरकडून परत आले, सगळ्यांचा चहा झाला, आणि हिनं खात्री करायला म्हणून पुन्हा जोडलं तर दहाव्या मिनिटाला नेट गेलं. तिनं डोक्याला हात लावला. मेलं हे नेट माणसं बघून वागतं की काय, असं तिच्या मनात आलं.

सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. कारखान्याच्या मुख्य गेटवर माणसानं बत्तीस वर्षं काढलेली. वहीत नाव नाही तर आत पाऊल नाही, मग तो साहेबाचा मेव्हणा का असेना. असा एक मेव्हणा त्यांनी खरोखरच तीन तास उन्हात उभा केला होता, आणि ती गोष्ट ते अजून चवीनं सांगायचे. आता ऐंशीला टेकले होते, ऐकू कमी यायचं, मागच्या खोलीत फोन घेऊन बसलेले असायचे. मुंगीबद्दल त्यांनी आजवर बरंवाईट अवाक्षर काढलं नव्हतं. भेटीच्या वेळी "बाबा, या ना पुढे" म्हटलं तर मान हलवायचे, मागे जायचे आणि दार लावून घ्यायचे. सुनेनं त्याचा काढायचा तो अर्थ काढला होता. शनिवारी ती रडकुंडीला येऊन "बाबा, परत नेट गेलं" असं सांगायला गेली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंगळवारी बघतो मी." काय बघणार होते कोण जाणे. तिला ते तोंडदेखलं वाटलं, आणि तिनं ते मनाला लावून घेतलं.

अकराला दोन मिनिटं असताना नवऱ्याचा फोन आला, म्हणून ती धावत खिडकीशी गेली. त्याला आज रजा मिळाली नव्हती. कुठल्याशा दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली होती.

"चालू झालं?"

"अजून नाही."

"होईल गं. घाबरू नकोस."

"तू नाही घाबरलास?"

"मी लिफ्टच्या खड्ड्यात उभा आहे," तो म्हणाला. "इथे घाबरलो तरी कुणाला दिसणार?" मग जरा थांबून म्हणाला, "तिला सांग, मी कामावर गेलोय. गेलो म्हणजे नुसता कामावर गेलोय, संध्याकाळी परत येतो, असं नीट सांग."

तिनं फोन ठेवला आणि खुर्चीत येऊन बसली. आतून मागच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. आज तरी उघडं ठेवायचं, एवढंही मन नाही या माणसाचं, असं वाटून तिच्या कपाळाची शीर उठली.

बरोबर अकराला भेट सुरू झाली. ताईंचा चेहरा, मग खुर्ची, खुर्चीत मुंगी. केस ओले, घट्ट विंचरलेले, हाताच्या मुठी मांडीवर. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. बाजूला कुठेतरी बघत होती.

"मुंगे, आज केस कुणी विंचरले?"

"सांग ना," ताई म्हणाल्या. मुंगीनं हळूच मान वळवली, तोंड उघडलं, आणि तिथेच थांबली. डोळे अर्धे मिटलेले, ओठ उघडे, केसांतून कानावर आलेलं पाणी जागच्या जागी. अकरा चार.

हिची बोटं थांबली नाहीत. विसरा. जोडा. पासवर्ड. गोल फिरलं, फिरलं, आलं. खुर्चीत मुंगी नव्हती. ताई बाजूला वाकून कुणाला तरी "ये, ये, आल्या बघ" म्हणत होत्या. एक छोटा हात दिसला, खुर्चीचा पाय धरलेला. तेवढ्यात चित्र गेलं. अकरा सात.

"हात जोडते तुझ्यापुढे," ती लॅपटॉपला म्हणाली. सतरा वर्षांत कधी साच्याला शिवी न दिलेली बाई, पण आता तिनं त्याला शिवीही दिली, आणि लगेच घाबरून पडद्यावरून हात फिरवला. विसरा. जोडा. पासवर्ड टाकताना दोनदा चुकला. हेल्पलाइनच्या मुलीनं आणखी एक सांगितलं होतं, घरातली बाकीची यंत्रं वायफायवरून काढा. तिचा स्वतःचा फोन तिनं काढला होता. उरला सासऱ्यांचा. पडद्यावर ताई परत उगवल्या, "हॅलो, दिसतंय का?" म्हणाल्या, आणि त्यांना तसंच बोलत ठेवून ही मागे धावली. दारावर टकटकही केली नाही.

सासरे खाटेवर नव्हते. खिडकीशी खुर्ची ओढून ताठ बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा, नाकावर चष्मा. मांडीवर वही उघडी, उजव्या हातात पेन, डाव्या हातात फोन. फोनवर घरच्या वायफायला जोडलेल्या यंत्रांची यादी, आणि एका ओळीसमोर लाल बटण. पुढच्या खोलीतून ताईंचा आवाज येत होता, "हॅलो, आवाज येतोय का, आम्ही आता..." सासऱ्यांनी अंगठा उचलला, लाल बटणावर नीट टेकवला, आणि पुढच्या खोलीतला आवाज मध्येच तुटला.

काय झालं ते तिच्या ध्यानात यायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ती दारात उभी राहिली. मग तिच्या अंगाचा भडका उडाला.

"तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही करताय हे. तुम्हाला ती नकोच होती ना? परकी पोर नकोच होती ना घरात? मग तोंडानं सांगायचं होतंत, सहा वर्षं होती सांगायला."

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि हात कानामागे धरला. "काय म्हणालीस?"

तेच पुन्हा म्हणायला तिनं तोंड उघडलं. एकदा रागाच्या भरात जे निघून गेलं होतं ते मोठ्यानं, शब्द तोडून तोडून म्हाताऱ्याच्या कानात ओरडायचं होतं, आणि ते तिच्यानं होईना. तिची नजर वहीवर गेली. गेटवरच्या वहीसारखे रकाने आखलेले, पट्टी धरून. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं: नातीची भेट. पहारा. त्याखाली शनिवारची तारीख, आणि त्याखाली एकाखाली एक आठ नोंदी. वेळ, आकडे, शेरा. अकरा तीन, अनोळखी, हाकलला. अकरा सहा, अनोळखी, हाकलला.

"आजही आला होता लेकाचा," सासरे म्हणाले. "हा तिसरा. तू भेटीला बसलीस की पाच मिनिटांत हजर, आणि दर वेळी नवा नंबर घेऊन येतो, म्हणजे बघ किती बिलंदर. मागे वरच्या मजल्यावरची पोरं आपलं नेट चोरायची तेव्हा तुझ्या नवऱ्यानं हे शिकवलं होतं मला. म्हणाला होता, बाबा, भेटीच्या वेळी लक्ष ठेवा, कुणाला घुसू देऊ नका. मी हललो नाही खुर्चीवरून. पाण्यालाही उठलो नाही."

"बाबा, तो मीच आहे. तो लॅपटॉप आहे."

हे त्यांना ऐकू आलं. त्यांनी वहीचं पहिलं पान काढलं. "लॅपटॉपचा नंबर मला पाठ आहे. शेवटी चार सात. हा बघ. आणि हा जो हाकलला तो शेवटी नऊ दोन. हा आपला नाही."

ती पुढे गेली, लॅपटॉप उचलून घेऊन आली आणि त्यांच्या खाटेवर ठेवला. वायफायच्या सेटिंगमध्ये शिरली. नव्या सिस्टिमनं सगळं हलवून ठेवलं होतं, एका आत एक तीन दारं, आणि तिसऱ्याच्या तळाशी यंत्राचा नंबर, ज्यावरून वायफाय त्याला ओळखतं. शेवटी नऊ दोन. त्याच्यावर एक ओळ होती: सुरक्षिततेसाठी प्रत्येक जोडणीला वेगळा नंबर वापरा. समोरचं बटण चालू. ते कुणी चालू केलं, कधी केलं, तिला कुणी विचारलं का? अपडेटनं आपलं आपण करून टाकलं होतं, हिच्याच भल्यासाठी.

म्हणजे हे असं चाललं होतं. ही दर वेळी नेटवर्क विसरायची आणि नव्यानं जोडायची, लॅपटॉप दर वेळी नवा चेहरा लावून दाराशी यायचा, आणि म्हातारा त्याला ओळख नाही म्हणून बाहेर काढायचा. जितकी ती जिवाच्या आकांतानं जोडत होती तितका तो डोळ्यांत तेल घालून तोडत होता. सोमवारी कॉम्प्युटरवाला आला तेव्हा हे डॉक्टरकडे गेले होते, म्हणून तेवढा तास सगळं सुरळीत, आणि चहानंतर फोन उघडताच यांना यादीत पुन्हा तो अनोळखी दिसला.

तिनं बटण बंद केलं. नंबर बदलून जुना आला, चार सात. सासऱ्यांनी वाकून तो वाचला, वहीतल्या पहिल्या पानाशी ताडून बघितला, एकेक आकडा ओठ हलवत. मग चष्मा काढला.

"म्हणजे आठ वेळा," ते म्हणाले, "आणि त्याच्या आधीचा मंगळवार."

तिला रागही होता, आणि त्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघवतही नव्हतं.

"अकरा चौदा झाले," सासरे म्हणाले. "माझ्याकडे काय बघतेस. जा."

अकरा पंधराला चित्र आलं. असं स्वच्छ आलं की ताईंच्या बांगडीवरची नक्षी दिसत होती. मुंगी खुर्चीत होती. बहुतेक ताईंनी तिला उचलूनच बसवली असावी, कारण एक पाय आधीच खाली लोंबत होता. हिचा चेहरा पडद्यावर उमटताच मुंगीनं तो बघितला. नीट बघितला. मग ती सरकत खुर्चीतून खाली उतरली.

"अगं, कुठे चाललीस? आल्या ना त्या."

"ती परत जाणार आहे," मुंगी म्हणाली. भांडण नाही, रडणं नाही, बादली कुठे ठेवलीय ते सांगावं तसं सांगितलं. "मी आधीच जाते."

आणि ती गेली. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली.

हिला हाक मारावीशी वाटली, कवळी आणावीशी वाटली, पडद्यात हात घालून पोरीला ओढून घ्यावंसं वाटलं. सहा वर्षांत डॉक्टरांनी, साहेबांनी, नात्यातल्या बायकांनी जे जे म्हणून ऐकवलं होतं त्यातलं काहीच एवढं लागलं नव्हतं. नेट गेलं की आपण इकडे तडफडतो, एवढंच तिला आजवर दिसलं होतं. तिकडे चार वर्षांच्या पोरीसमोर एक बाई पुन्हा पुन्हा निघून जात होती, आणि पोरीनं त्यावर तिला जमेल तो उपाय शोधून काढला होता.

"बोलावते मी तिला," ताई म्हणाल्या.

"नको." हिनं डोळे पुसले नाहीत, कारण त्यासाठी चेहऱ्यावर हात आणावा लागला असता. "ओढून आणू नका. मी बसते."

दोघी बसल्या. अकरा अठरा. अकरा एकोणीस. तिकडे कुठेतरी काहीतरी फरशीवरून घासत ओढलं जात होतं. अकरा वीस झाले तेव्हा ताईंनी फॉर्म पुढे ओढला आणि पेन उघडलं. त्यांना हिच्याकडे बघवत नव्हतं.

"वेळ संपली हो. भेट अपुरी म्हणून लिहावं लागेल मला."

"लिहा. पण बंद करू नका. मी माझ्या बाजूनं बंद करणार नाही, तुम्हीही करू नका. नुसतं चालू राहू दे."

मागे पावलं वाजली. सासरे पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते, वही छातीशी धरून. भेटीच्या वेळी ते या खोलीत पहिल्यांदाच आले होते. ताईंचं बोलणं त्यांना कितपत ऐकू आलं देव जाणे, पण पेन त्यांना दिसलं होतं.

"बाई," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "चूक गेटवरच्या माणसाची आहे. तीन भेटींची. फॉर्मवर माझं नाव घाला, सुनेचं नको."

ताई गोंधळल्या. "हे कोण?"

"मुलीचे आजोबा," कवळीवाली म्हणाली.

ताईंनी म्हाताऱ्याकडे बघितलं, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. बराच वेळ पेन हवेत राहिलं. मग त्यांनी फॉर्मवर लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "भेट सुरू, अकरा पंधरा." पेन बंद केलं. "म्हणजे अकरा पस्तीसपर्यंत आहे तुमची वेळ. मला इथे फायली लावायच्यातच." आणि त्या उठून मागच्या कपाटाशी गेल्या.

खुर्ची रिकामीच होती. फरशीवरचं ओढणं थांबलं.

"गेली?" पडद्याबाहेरून मुंगीचा आवाज आला. ताईंना विचारत होती.

"नाही. आहे." ताईंनी मागे वळून न बघता सांगितलं.

कवळीवाली हलली नाही. पाठ दुखायला लागली होती, नाक गळत होतं, तरी हलली नाही. सासरे दारात तसेच उभे. कोपऱ्यातल्या खुणेकडे तिनं एकदाही बघितलं नाही. तिकडे एक फाइल कपाटात गेली, दुसरी गेली.

"आता गेली?"

"आहे गं बाई."

अकरा एकतीस झाले, बत्तीस झाले. मग खुर्चीच्या पाठीमागून आधी केस दिसले, आता सुकून वर उभे राहिलेले. मग कपाळ. मग एक डोळा. तो डोळा सरळ कॅमेऱ्यात बघत होता, आणि यावेळी मुंगीनं ताईंना विचारलं नाही.

"तू अजून आहेस?"

"आहे," ती म्हणाली.